बाळ जन्मताच रडलं नाही तर? मेंदू वाचवणाऱ्या 'नॅनो' औषधावर संशोधन सुरू, पण गावात पहिलं मिनिटच मोलाचं

वर्धा : "बाळ झालं, पण लगेच रडलं नाही." खेड्यातल्या कितीतरी घरांत एखाद्या लेकराची गोष्ट याच वाक्यापासून सुरू होते. पुढे ते लेकरू मान उशिरा धरतं, वेळेवर बसत नाही, हातपाय ताठ राहतात, मधूनच झटके येतात. कोणी म्हणतं ग्रहण पाळलं नाही, कोणी म्हणतं बाहेरचं लागलं. आई मात्र वर्षानुवर्षं स्वतःलाच दोष देत राहते.

ग्रहणाचा आणि याचा काही संबंध नाही. अशा अनेक लेकरांच्या मेंदूला जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडलेला असतो. प्रत्येक अपंग बाळाचं कारण हेच असतं असं नाही. फार लवकर जन्म, जास्त वाढलेली कावीळ, जंतुसंसर्ग हीसुद्धा कारणं असतात. पण श्वास अडकणं हे मोठं कारण आहे, आणि त्यातलं बरंचसं टाळता येतं.

या इजेवर जगभर नवं औषध शोधणं सुरू आहे. 'नॅनो कणांतून जनुक शांत करणारं औषध' असं त्याचं वर्णन येतं. मोबाईलवर अशी बातमी आली की ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांच्या मनात आशा जागते. म्हणूनच हे औषध नेमकं काय आहे, कुठवर आलं आहे आणि तोवर आपल्या हातात काय आहे, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

वरची आग विझते, आतली धुमसते

पोटात असताना बाळाला ऑक्सिजन नाळेतून मिळतो. कळा फार लांबल्या, नाळ दबली, वार आधीच सुटली किंवा आईला जास्त रक्तस्राव झाला तर हा पुरवठा कमी पडतो. घरी किंवा कोणाचं लक्ष नसताना कळा वाढवण्याचं इंजेक्शन दिलं तरी हाच धोका असतो. कळांवर कळा येतात, मध्ये बाळाला उसंतच मिळत नाही.

ऑक्सिजन तुटला की मेंदूच्या काही पेशी तिथेच मरतात. हा पहिला घाव. पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. बाळाला श्वास मिळाला, रंग आला, सगळ्यांना वाटतं सुटलो. त्यानंतर साधारण सहा तासांपासून पुढे दोन-तीन दिवसांत दुसरा घाव बसतो. कापसाच्या गंजीला आग लागली तर वरून पाणी मारून ज्वाळा विझतात, पण आत कापूस धुमसत राहतो आणि काही तासांनी पुन्हा पेट घेतो. हिंगणघाट, सेलू, देवळीकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मेंदूतही तसंच होतं.

मेंदूत राखण करणाऱ्या काही पेशी असतात, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. मेलेल्या पेशी उचलणं, जंतू आले तर त्यांना खाणं हे त्यांचं काम. मोठी इजा झाली की या पेशी चवताळतात आणि सूज वाढवणारी रसायनं सोडतात. त्यात शेजारच्या धडधाकट पेशीही मरतात. राखणदारानंच पीक तुडवावं तसा हा प्रकार.

यात एक चांगली बाजूही आहे. पहिला आणि दुसरा घाव यांच्यामध्ये काही तासांची फट असते. सगळं संशोधन याच फटीत काहीतरी करता येईल का, यासाठी आहे.

जनुक शांत करणं म्हणजे काय?

जीन म्हटलं की आपल्याकडे आधी कापसाची जीन आठवते. इथली जीन वेगळी. प्रत्येक पेशीत शरीराच्या कामाच्या सूचना लिहिलेल्या असतात, त्यातली एक सूचना म्हणजे एक जीन, मराठीत जनुक.

शेतकऱ्याला हा शब्द बीटी कपाशीमुळे ओळखीचा आहे. २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. त्यात पऱ्हाटीच्या बियाण्यात बाहेरचं जनुक घातलेलं असतं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या राहतं. जनुक शांत करणारं औषध तसं नाही. त्यात काही नवं घालत नाहीत आणि असलेलं कापतही नाहीत.

तलाठ्याच्या दप्तरात जमिनीची मूळ नोंद असते. आपल्या हातात येते ती सातबाऱ्याची नक्कल, आणि बँकेचं काम त्या नकलेवर होतं. पेशीतही मूळ जनुक मधोमध जपून ठेवलेलं असतं. काम करायचं झालं की त्याची एक नक्कल बाहेर पडते, तिला एमआरएनए म्हणतात. ती वाचून पेशी प्रथिन तयार करते. नक्कलच फाडून टाकली तर ते प्रथिन बनत नाही. मूळ नोंदीला मात्र हातही लागत नाही.

नक्कल फाडायचं हे काम एसआयआरएनए नावाची बारीक तुकडी करते. तिची लांबी जेमतेम एकवीस-बावीस अक्षरांची. तिच्या अक्षरांशी जुळणारी नक्कल पेशीतली यंत्रणाच शोधते आणि कापते. काही दिवसांनी, काही आठवड्यांनी परिणाम ओसरतो आणि जनुक पुन्हा बोलू लागतं. नवजात बाळासाठी हे सोयीचंच आहे, कारण सूज वाढवणारं जनुक थोडे दिवस गप्प बसवायचं आहे, जन्मभर नाही.

ही युक्ती अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये एका बारीक कृमीवर दाखवली आणि २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शेतीतही ती पोहोचली आहे. बटाट्याची पानं खाणाऱ्या भुंग्याचं एक जरुरीचं जनुक बंद पाडणाऱ्या फवारणीला अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मंजुरी मिळाली. माणसासाठी या तऱ्हेचं पहिलं औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पॅटिसिरान हे त्याचं नाव. ते मोठ्या माणसांच्या एका आनुवंशिक आजारावर आहे, नवजात बाळांच्या मेंदूसाठी नाही.

मग नॅनो कण कशाला?

एसआयआरएनए उघडं रक्तात सोडलं तर ते काही मिनिटांत तुटून जातं. त्याला गुंडाळून न्यावं लागतं. त्यासाठी स्निग्ध पदार्थाची किंवा शरीरात विरघळणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाची अतिशय बारीक गोळी करतात. कागदाची जाडी साधारण एक लाख नॅनोमीटर असते, आणि हे कण बहुधा शंभर नॅनोमीटरच्या आसपास असतात. कोविडच्या काळात एमआरएनए लसी अशाच बारीक वेष्टणातून दिल्या गेल्या. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, तिच्यातही सूक्ष्म स्निग्ध वाहक आहे. दुकानातल्या नॅनो युरियाशी या औषधाचा संबंध नाही, फक्त 'नॅनो' म्हणजे फार बारीक एवढंच दोन्हीत सारखं.

दुसरी अडचण मोठी आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गानं पक्कं कुंपण घातलं आहे. रक्तातलं विष, जंतू मेंदूत शिरू नयेत म्हणून ते आहे, पण औषधंही तिथेच अडतात. शिवाय शिरेतून दिलेले कण यकृत आधी ओढून घेतं. म्हणून या तऱ्हेची आजवरची बहुतेक औषधं यकृतावर काम करणारी आहेत. मेंदूपर्यंत पुरेसं औषध पोहोचवणं हाच खरा कस आहे.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रंगरामानुजम कन्नन आणि सुजाता कन्नन यांनी २०१२ मध्ये सशाच्या पिलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोटातच मेंदूला सूज आलेली ही पिलं जन्मानंतर नीट हालचाल करू शकत नव्हती. जन्माच्या दिवशीच त्यांना बारीक कणांना जोडलेलं एक जुनं औषध दिलं. कण नेमके चवताळलेल्या राखणदार पेशींमध्ये जाऊन बसले आणि पाचव्या दिवशी पिलांची हालचाल बरीच सुधारली. त्यात जनुक शांत केलं नव्हतं, पण इजा झालेल्या कोवळ्या मेंदूत कण पोहोचू शकतात हे दिसलं.

दुसरा प्रयोग बोस्टनचा. मुंबईच्या आयआयटीत पीएचडी केलेले नितीन जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी २०२१ मध्ये डोक्याला मार लागलेल्या उंदरांवर केलेलं काम प्रसिद्ध केलं. कणांत एसआयआरएनए भरलं, वरून असा लेप दिला की कण कुंपण ओलांडून जातील. मार लागल्यावर त्रास देणारं 'टाऊ' नावाचं प्रथिन उंदरांच्या मेंदूत जवळपास निम्म्यानं कमी झालं.

या दोन वाटा जोडायच्या, म्हणजे कण नवजात बाळाच्या मेंदूत न्यायचे आणि त्यांतून सूज वाढवणारं किंवा पेशीला मरायला लावणारं जनुक काही दिवस शांत करायचं, हे आजचं उद्दिष्ट आहे. प्राण्यांवर काम सुरू आहे. नवजात बाळाच्या मेंदूच्या इजेसाठी असं एकही औषध आज कुठल्याच देशात मंजूर नाही. बाळाचा मेंदू वाढता असतो, सूज आणणारी काही प्रथिनं त्याच्या वाढीलाही लागतात. चुकीचं जनुक गप्प बसलं किंवा नको तितके दिवस गप्प राहिलं तर फायद्याऐवजी तोटा व्हायचा. म्हणून ही तपासणी सावकाशच होणार.

सायन रुग्णालयातून मिळालेला धडा

'विदेशात चाललं म्हणजे इथंही चालेल' असं समजणं किती धोक्याचं असतं, हे याच आजारात दिसलं आहे.

श्रीमंत देशांत अशा बाळाला सहा तासांच्या आत थंड करतात. शरीराचं तापमान साडेतेहतीस अंशांपर्यंत उतरवून तीन दिवस, म्हणजे ७२ तास तसंच ठेवतात. त्यानं दुसरा घाव हलका होतो. २००५ पासून तिकडच्या मोठ्या चाचण्यांत याचा फायदा दिसला आणि ती तिथली नेहमीची पद्धत झाली.

मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर हीच पद्धत तपासली. मुंबईचं सायन रुग्णालय त्यात होतं. 'हेलिक्स' नावाच्या या चाचणीचा निकाल २०२१ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात आला. थंड केलेल्या बाळांत मृत्यू ४२ टक्के, न केलेल्या बाळांत ३१ टक्के. अपंगत्व धरूनही थंड करण्याचा फायदा दिसला नाही. आपल्याकडच्या बाळांची इजा वेगळ्या तऱ्हेची, कळांच्या आधीपासून किंवा कळांमध्ये तासन्‌तास चाललेली असावी, असा एक अंदाज संशोधकांनी मांडला.

यातून दोन गोष्टी निघतात. नॅनो औषध उद्या आलं तरी ते आपल्या बाळांवर, आपल्या रुग्णालयांत तपासूनच घ्यावं लागेल. आणि घरी किंवा वाटेत बाळाला थंड ठेवायचा प्रयोग कोणी चुकूनही करू नये. बाळ ऊबदारच ठेवायचं.

गावात काय चालतं ते गडचिरोलीनं दाखवलं

या आजारावरचं एक मोठं काम आपल्या बाजूलाच झालं आहे. वर्ध्यात जन्मलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' संस्था सुरू केली. तिथे गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळ रडलं नाही तर श्वास कसा द्यायचा हेही शिकवलं. आधी तोंडानं, मग नळी आणि मास्कनं, पुढे हातानं दाबायच्या पिशवीनं. ३९ गावांतल्या या कामाचा निकाल १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. श्वास अडकून होणारे मृत्यू ६५ टक्क्यांनी घटल्याचं पुढे २००५ च्या अहवालात दिसलं.

त्यात जनुक नव्हतं, नॅनो नव्हतं. एक शिकलेली बाई, एक पिशवी आणि पहिलं मिनिट एवढंच होतं. आज आशाताई घरोघरी येऊन बाळ तपासतात, त्या योजनेची मुळं याच कामात आहेत.

शंभरातल्या साधारण दहा बाळांना पहिला श्वास घ्यायला थोडीफार मदत लागते. त्यातल्या बहुतेकांना कोरडं करून पाठ चोळली तरी पुरतं. थोड्यांना पिशवीनं हवा द्यावी लागते, आणि ती पहिल्या मिनिटाच्या आत सुरू व्हायला हवी. म्हणूनच डॉक्टर त्याला सोन्याचं मिनिट म्हणतात. आष्टी-कारंजाच्या टोकाच्या गावातून वर्धा-सेवाग्राम गाठायला दीड-दोन तास सहज जातात. बाळाला श्वास देणारं माणूस बाळंतपणाच्या जागीच हजर हवं, ते नंतर गाडीनं गाठता येत नाही.

घरच्यांनी काय करावं

– बाळंतपण दवाखान्यातच करा. तारीख जवळ आली की कुठे जायचं, कोणत्या गाडीनं, रात्री कोणाला उठवायचं हे आधीच ठरवा. १०८ आणि १०२ हे दोन्ही नंबर मोबाईलमध्ये ठेवा.

– आईला रक्तदाब, अंगावर सूज, रक्तक्षय, आधीचं सिझेरियन किंवा आधीचं बाळ दगावल्याचा इतिहास असेल तर कळांची वाट पाहत गावात थांबू नका. हिंगणघाट किंवा आर्वीचं उपजिल्हा रुग्णालय, वर्ध्याचं जिल्हा रुग्णालय किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय यांपैकी कुठे जायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

– पोटातल्या बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी हिरवट गेलं किंवा रक्त गेलं तर लगेच निघा.

– घरी कळा वाढवायचं इंजेक्शन घेऊ नका, कोणी देतो म्हटलं तरी नाही.

– वाटेतच बाळंतपण झालं आणि बाळ रडलं नाही तर स्वच्छ कोरड्या कपड्यानं बाळ पुसा, पाठ चोळा, ओला कपडा काढून टाका आणि बाळ आईच्या उघड्या छातीशी ठेवून झाका. १०८ वर फोन लावून ते सांगतील तसं करा. उलटं टांगणं, चापट मारणं, थंड पाणी शिंपडणं, वार गरम करत बसणं यात फक्त वेळ जातो आणि बाळाला इजा होते.

– बाळ नंतर रडलं तरी पहिले तीन दिवस लक्ष ठेवा. दूध ओढत नाही, फार सुस्त आहे, अंग ढिलं पडतं, डोळे एका जागी थिजतात, ओठ सारखे चोखल्यासारखे हलतात, पाय सायकल मारल्यासारखे चालतात, ही झटक्याची लक्षणं असू शकतात. लगेच दवाखाना गाठा.

आशाताईंच्या भेटी दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. बाळ जन्मल्यावर उशिरा रडलं होतं हे त्यांना आवर्जून सांगा. सुट्टीच्या कागदावरही ते लिहून घ्या. पुढे कुठल्याही डॉक्टरला हा कागद उपयोगी पडतो. आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार, औषधं आणि ने-आण मोफत आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा योजनेत हा हक्क आहे.

आधीच इजा झालेली असेल तर

ज्या घरात लेकरू आता दोन, चार, आठ वर्षांचं आहे, त्यांना हे औषध आलं तरी त्याचा उपयोग होईल असं नाही. ते जन्मानंतरच्या काही तासांसाठी शोधलं जात आहे. हे ऐकायला जड आहे, पण आधी कळलेलं बरं. कारण फसवणूक नेमकी इथेच होते. 'स्टेम सेल', 'जीन थेरपी', 'नॅनो इंजेक्शन' अशा नावांनी लाखोंचा खर्च सांगितला जातो. वावर गहाण टाकून लोक जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठीचं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर फक्त नोंदणी केलेल्या चाचणीतच करता येतो.

२०२१ मध्ये ज्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी मोबाईलवरून वर्गणी गोळा झाली, ते वेगळ्या, आनुवंशिक आजाराचं आहे. जन्माच्या वेळी श्वास अडकलेल्या बाळाला ते चालत नाही.

कोणी 'नवी चाचणी आहे' म्हणालं तर तीन गोष्टी विचारा. चाचणीची सरकारी नोंदणी, म्हणजे सीटीआरआय नंबर काय? आचार समितीची परवानगी आहे का? मराठीत लिहिलेला संमतीचा कागद कुठे आहे? खऱ्या चाचणीत तपासायच्या औषधाचे पैसे घरच्यांकडून घेत नाहीत, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याचा नियम आहे. उलट पैसेच मागितले तर तिथून उठून या.

खरा उपयोग लवकर सुरू केलेल्या व्यायामाचा आणि सरावाचा होतो. चार-पाच महिन्यांत मान धरली नाही, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसलं नाही, एकच हात सारखा मिटलेला राहतो, आवाजाकडे पाहत नाही, असं दिसलं तर 'होईल हळूहळू' म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत आहे. अंगणवाडीत आणि शाळेत येणारं पथक याच कार्यक्रमाचं. ते पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पहिल्या दोन वर्षांत मेंदू सर्वांत जास्त शिकतो, तेव्हा गमावलेले महिने नंतर भरून निघायला फार कठीण जातात.

प्रयोगशाळेतलं काम खरं आहे आणि त्यातून एक दिवस औषध निघूही शकेल. पण ते आलं तरी जन्मानंतरच्या काही तासांत द्यावं लागेल. म्हणजे तेव्हाही वेळेवर गाडी, दवाखान्यातलं बाळंतपण आणि श्वास देणारे हात लागतीलच. या महिन्यात ज्यांच्या घरी बाळंतपण आहे, त्यांनी आज संध्याकाळीच आशाताईंना भेटून गाडी कोणती आणि दवाखाना कोणता हे ठरवून ठेवावं.